विषाणू दिसला, पण कोणता?

२०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ पसरली होती. ताप आणि अंगावरील पुरळ यावरून गोवर की रुबेला, हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे तपासतात किंवा घशातील नमुन्याची पीसीआर चाचणी करतात. क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, मग गोवराचा विषाणू का दिसत नाही?

कारण त्याचा आकार. हा विषाणू साधारण १०० ते ३०० नॅनोमीटरचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये मांडली. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये करोना विषाणूचे चित्र टिपले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. ते यंत्र महाग आहे आणि त्यात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो.

आता साध्या प्रकाशानेही एकेक विषाणू टिपता येतो. यंत्रमागाच्या कारखान्यात एरवी न दिसणारी कापसाची धूळ कवडशात चमकते. कणाचा आकार कळत नाही, पण कण आहे हे कळते. तसेच इथे घडते. अडचण एवढीच की कणाचा व्यास निम्मा झाला, तर त्याने विखुरलेला प्रकाश ६४ पटींनी घटतो. हा क्षीण प्रकाश काचेवरून परतलेल्या प्रकाशात मिसळू दिला, तर मिळणारा संकेत आठ पटींनीच घटतो. त्यामुळे चमकणारा रंग न लावताही विषाणूचा ठिपका दिसतो. या पद्धतीला ‘आयस्कॅट’ म्हणतात.

ठिपक्याच्या तीव्रतेवरून आकाराचा अंदाज येतो, नाव मात्र कळत नाही. पेशीचा तुकडाही तसाच ठिपका देऊ शकतो. यावर बोस्टन विद्यापीठातील सेलिम उन्लू यांच्या गटाने चिपवर ठरावीक प्रतिपिंडे बसवण्याचा मार्ग काढला. ज्याच्यासाठी प्रतिपिंड बसवले, तोच विषाणू तिथे चिकटतो आणि मोजला जातो.

निदान असे वेगवान झाले, तरी गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरत असतो. मूल तपासणीला येईपर्यंत शेजारच्या मुलांना लागण झालेली असू शकते. म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरा, असे गोवर-रुबेला लसीचे दोन्ही डोस चुकवू नयेत.