नोटीस आली, आता किती दिवस?

सन १९१७. बडोदा संस्थानात नोकरीस गेलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे ठाकले. बाबासाहेबांनी आठ दिवसांची मुदत मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळच्या आत चालते व्हा, एवढाच हुकूम!

आज जळगाव-धुळ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या एखाद्या कुटुंबाच्या हाती वकिलाची नोटीस पडते : 'आठ दिवसांत जागा खाली करा.' बाई भांडी बांधू लागते, मुलांच्या शाळेचे काय म्हणून बाप डोके धरून बसतो. अशा बंधुभगिनींना आमचे पहिले सांगणे हे की, नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. तीत लिहिलेले आठ दिवस मालकाने ठरविलेले असतात, कायद्याने नव्हे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यापूर्वी खानदेशात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. त्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर एक महिन्याची मुदत असे. नव्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे भाडे थकले असल्यास मालकाने लेखी मागणी करावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस त्याला दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत सर्व थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च कोर्टात भरावा आणि निकालापर्यंत भाडे भरत राहावे. मग थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही.

कलम १६ मधील कारणे वेगळी आहेत. मालकाची खरीखुरी गरज, पोटभाडेकरू ठेवणे, जागेची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव, योग्य कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे, ही त्यांतील काही. अशा कारणावर आधी नोटीस न येता थेट समन्सही येऊ शकते. पण मालकाला ते कारण कोर्टात शाबीत करावे लागते. गरजेच्या दाव्यात जास्त हाल कोणाचे होतील, हेही कोर्ट पाहते. निकाल विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत अपील करता येते.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. हल्ली बहुतेक खोल्या अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर मिळतात. तिथे वरील संरक्षण नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट आकार बसू शकतो. मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज केला, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. करार लेखी व नोंदणीकृत करणे ही मालकाची जबाबदारी आहे.

नोटीस आल्यावर काय करावे? पाकीट फेकू नका. नोटीस मिळाल्यापासून दिवस मोजले जातात. भाडे बंद करू नका. मालक घेत नसेल, तर बँकेतून किंवा पोस्टाने पाठवून पुरावा जपा. पावती मागा. वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मालकाला नाही. तोडल्यास कलम २९ प्रमाणे कोर्टात अर्ज करा. सामान रस्त्यावर टाकून जबरीने बाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो. वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नका. जळगाव व धुळे दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यास आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या दिवसाच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी तिथे जमतो. ते आले होते कोर्टाच्या कामासाठी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. पण ज्याच्या डोक्यावरचे छप्पर काढले जात आहे, त्याने ती पायरी वेळेत चढावी, असे आम्हाला वाटते. बडोद्यात बाबासाहेबांना आठ दिवस मिळाले नाहीत. आपल्याला कायद्याने दिवस दिले आहेत. ते भीतीपोटी फुकट घालवू नका.