मुदत संपते तेव्हा...
टाइमशेअरची अखेर आणि सभासदाच्या पदरी उरणारे

मुदत ठेवीची मुदत संपली की खातेदार पावती घेऊन बँकेत येतो आणि मुद्दल व्याजासह त्याच्या हाती पडते. 'मुदत' हा शब्द टाइमशेअरच्या करारातही असतो. मात्र तेथे ती संपते तेव्हा देण्याघेण्यासारखे काहीच उरत नाही.

भारतात १९८६ साली स्थापन झालेल्या स्टर्लिंगने ९९ वर्षांच्या, तर १९९६ साली स्थापन झालेल्या महिंद्रा हॉलिडेजने २५ वर्षांच्या सभासदत्वाची कल्पना रुजवली. दरवर्षी एक आठवडा हक्काचे घर! मुले लहान असताना २५ वर्षांच्या योजनेत आलेल्या पहिल्या सभासदांची मुदत आता पुरी झाली आहे. त्यांना मिळाला होता तो वापराचा हक्क. मालमत्तेची मालकी नव्हे.

हिशेब काय सांगतो?

समजा, एका दांपत्याने तीन लाख रुपये प्रवेशमूल्य भरले आणि वार्षिक शुल्क १५,००० रुपये आहे. पंचवीस वर्षांत एकूण ६,७५,००० रुपये, म्हणजे वर्षाला २७,००० आणि सात रात्रींच्या मुक्कामासाठी रात्रीला सुमारे ३,८५७ रुपये पडतात. यात प्रवास, भोजन, व्याज आणि शुल्कवाढ धरलेली नाही. आजारपणामुळे वा परीक्षांमुळे एखादे वर्ष जाणे झाले नाही, तरी त्या वर्षाचे शुल्क चुकत नाही.

मध्येच सोडायचे झाल्यास

मुदतीपूर्वी सभासदत्व सोडणाऱ्यास किती परतावा मिळेल, हे करारातील कलमांवर अवलंबून असते. साठवलेले दिवस, पसंतीचा हंगाम आणि अन्य रिसॉर्टशी अदलाबदलीची सोय यांवर मात्र पाणी सोडावे लागते. हस्तांतरण करायचे तर थकबाकी आधी फेडावी लागते. वारसांकडे हक्क जातो, तेव्हा शुल्काची जबाबदारीही सोबत येते.

या जबाबदारीला कोठेतरी सीमा हवी, हे युरोपने ओळखले. स्पेनने १९९८ च्या कायद्याने ५० वर्षांची कमाल मर्यादा घातली. त्यानंतर झालेला एक बेमुदत करार तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये रद्द ठरवला. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकास माघारीसाठी १४ दिवस मिळतात. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे आधार आहे तो कराराचा आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

खातेदारांनी लक्षात ठेवावे

खात्यातून आपोआप होणारी शुल्कवसुली थांबवली म्हणजे करार संपला, असे नव्हे. थकबाकी वाढतच राहते. सभासदत्वासाठी कर्ज घेतले असल्यास त्याचे हप्ते सभासदत्व सोडल्यानंतरही फेडावेच लागतात. "तुमचे सभासदत्व विकून देतो, आधी शुल्क भरा" असे सांगणाऱ्या अनोळखी दूरध्वनीला तर मुळीच बळी पडू नये. सभासदत्व सोडण्याचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि 'येणे बाकी नाही' असा दाखला मिळेपर्यंत कागदपत्रे जपावीत.

डोंगरमाथ्यावरची ती सकाळ आणि मुलांचे हसणे कोणीही परत मागत नाही. पैशांच्या परताव्याची अपेक्षा मात्र मुदत ठेवीकडूनच करावी. सही करण्यापूर्वी कराराचे शेवटचे पान आधी वाचणे, हेच शहाणपणाचे.