भोपळ्यातला भ

अक्षरदिवसासाठी गोष्ट निवडायची तर आधी ती मोठ्यानं सांगून बघावी. मनात वाचलेली गोष्ट छान वाटते, पण कोणता आवाज पुन्हा पुन्हा येतो ते कानालाच कळतं. आमच्याकडे नातवंडं आणि शेजारची मुलं जमतात, सगळी तीन ते पाच वर्षांची. त्यांच्यासाठी एक सकाळ, एक गोष्ट आणि एकच अक्षर, एवढाच माझा बेत असतो. या खेपेला गोष्ट लेकीकडे जाऊन भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची, आणि अक्षर ठरलं भ.

भोपळा सिंड्रेलाच्या गोष्टीतही आहे. शार्ल पेरोनं १६९७ साली छापलेल्या कथेत परी भोपळ्याचीच गाडी करते. पण तिथला भोपळा घटकाभर येतो आणि गाडी होऊन जातो. आपल्या म्हातारीचा भोपळा शेवटपर्यंत भोपळाच राहतो आणि त्याला हाक मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. शिवाय वाघ भुकेला, म्हातारी भित्री, लेकीकडे भरपूर खाणं. मुलं आपण होऊनच भ म्हणायला लागतात. इराणमध्येही भोपळ्यात बसून लांडग्या-वाघांना चुकवणारी अशीच एक आजीबाई आहे. तिथल्या लहान मुलांनाही ती फार आवडते म्हणे, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

म्हातारी गोष्टीची नायिका असली तरी या दिवशी म घेऊ नये. एक तर तिच्या नावात साधा म नाही, म्ह आहे. दुसरं म्हणजे भ आणि म दिसायला इतके जवळचे, की दोन्ही एकदम समोर आले तर मूल पुढे कितीतरी दिवस अडखळतं. म मी निदान महिनाभर लांब ठेवते.

सुरुवात कानापासून करायची. ताटात भाकरी, भेंडी, भोवरा, एखादं छोटं भांडं ठेवायचं आणि मुद्दाम एक बटाटा आणि एक बशी. भ ची मंडळी कोण ते मुलांनी ओळखायचं. बटाटा हमखास भ मध्ये जातो. तेव्हा "चूक" म्हणायची गरज नसते. तळहात तोंडासमोर धरायचा आणि आधी ब म्हणायचं, मग भ. भ म्हणताना हाताला ऊन वाफ लागते. मुलं हे पाच-सहा वेळा करून बघतात, मग एकमेकांच्या तोंडासमोर हात धरतात, आणि बटाटा कुणी न सांगता ताटाबाहेर येतो. सबंध सकाळीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पाच मिनिटं.

अक्षर मी पॉलिश पेपरचं करते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, फार खरखरीत नको, बोटं सोलवटतात. पुठ्ठ्यावर वीतभर उंच भ चिकटवायचा. ही कल्पना मारिया माँटेसरींची. १९०७ साली रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं, आणि त्यांच्या पद्धतीत मूल तर्जनी आणि मधलं बोट खरखरीत अक्षरावरून फिरवतं, तोंडानं आवाज काढतं. शिकवण्याच्या पायऱ्याही साध्या. आधी आपण सांगायचं, "हा भ." मग मागायचं, "भ दे बरं मला." सगळ्यात शेवटी विचारायचं, "हे काय?" तिसरी पायरी त्याच दिवशी आली नाही तर नाही आली.

देवनागरीत एक बारकावा आपला आपणच सांभाळावा लागतो. भ च्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते. ती मोकळी जागा हीच त्याची ओळख. कापताना ही फट बोटाला जाणवेल इतकी रुंद ठेवावी. बाजारातल्या कित्येक तक्त्यांत ती इतकी अरुंद असते, की मोठ्यांनाही चष्मा लावून शोधावी लागते. माझी नात त्या जागी बोट उचलते आणि म्हणते, "इथे छप्पर नाही." एवढं कळलं की भ आला.

मग परातीत रवा पसरून त्यात बोटानं गिरवणं. पुसायला परात हलवली की झालं. अंगणात जागा असेल तर खडूनं मोठा भ काढून त्यावर भोपळ्याच्या धुऊन वाळवलेल्या बिया मांडायच्या. बिया तोंडात घालणारं लहान भावंड असेल तर त्याच्या हाती मोठी पानं द्यावीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी जे काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं, त्यात शिकण्याची साधनं अशीच आसपासची होती: पानं, बिया, शिंपले, माती. ते वाचल्यापासून विकतचे चकचकीत संच घ्यावेसे मला वाटलेले नाहीत. पेन्सिलही या दिवशी डब्यातच राहते. चार वर्षांच्या बोटांत अजून तेवढा जोर आलेला नसतो, आणि पालकांच्या घाईसाठी त्या बोटांना शिणवणं मला पटत नाही.

नाटकाला फ्रिजचा रिकामा खोका. त्यात एक म्हातारी बसते, दोघं ढकलतात, बाकीचे कोल्हा आणि वाघ. जे मूल वाघाला घाबरतं त्यालाच मी वाघ करते, डरकाळी स्वतःच्या गळ्यातून आली की भीती जाते. खोक्याला भ चिकटवलेला असतो आणि म्हातारीनं आत बसण्याआधी त्यावरून बोट फिरवायचं, हा प्रवेशाचा नियम. गोष्ट दोनदा तरी होते, कारण प्रत्येकाला म्हातारी व्हायचं असतं.

खाऊला लाल भोपळ्याचे घारगे. किसलेला भोपळा गुळात शिजवून आदल्या संध्याकाळी ठेवला, की सकाळी त्यात मावेल तेवढी कणीक घालून मुलं मळतात. भिजवताना पाणी घालू देऊ नये, भोपळ्याचा रस पुरतो. तळायचं काम मोठ्यांचं, मुलं तेव्हा स्वयंपाकघराबाहेर. अक्षराच्या आकाराचे घारगे करायचा मोह होतो, पण कढईत फुगल्यावर भ चा नुसता गोळा होतो आणि मुलं हिरमुसतात. गोल थापावेत, वर खसखस लावावी.

पुढच्या खेपेला काऊ-चिऊची गोष्ट आहे. तिथे च घ्यायचा मोह होईल, पण चिऊचा च वेगळा आणि चोराचा वेगळा. एका अक्षराचे दोन उच्चार ऐकून फरक सांगण्याइतके यांचे कान अजून तयार नाहीत. म्हणून क. कावळा, काडी, कपाट, केळं. क ची दोन्ही पोटं खरखरीत कागदातून नीट कापायला वेळ लागतो, तो आधी कापून ठेवायला हवा. कावळ्याच्या घरासाठी दिवाळीच्या किल्ल्याची माती उरली आहे, ती आदल्या रात्री भिजवली की सकाळी लिंपायला मऊ होईल.