उजेड आखतो, द्रावण कोरते

तांब्याचा थर असलेल्या पाटीवर चिकटवलेली फिकट निळी फिल्म अतिनील दिव्याखाली मिनिटभर ठेवली, की तिच्यावर चित्र उमटते. फिल्मवर ठेवलेल्या, चित्र छापलेल्या पारदर्शक कागदावर जिथे काळी शाई होती तिथे फिल्म फिकटच राहते. जिथून उजेड गेला तिथे ती गडद होते. उन्हाळ्यात हातातले घड्याळ काढले की मनगटावर पट्ट्याची खूण दिसते ना, तसेच. मोबाइलमधली चिपही मुळात याच रीतीने घडते, आणि ही रीत घरच्या टेबलावर करून पाहता येते.

या फिल्मचे नाव फोटोरेझिस्ट. उजेड लागताच तिच्यातले रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि ती पक्की होते. मग लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात पाटी मऊ ब्रशने हलके चोळायची. उजेड न लागलेली फिल्म विरघळते, खालचे तांबे लखलखते. पुढची पायरी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणाची. ते उघडे तांबे खाते. फिल्मखालचे तांबे वाचते. सर्किट बोर्ड तयार!

खरी कसोटी स्वच्छतेची. फिल्म लावण्याआधी घासलेल्या पाटीवर पाणी ओतून पाहावे. ते सलग पसरले तर ठीक. थेंब जमले तर कुठेतरी बोटांचा तेलकटपणा राहिला आहे, आणि नेमकी तिथेच फिल्म सुटणार.

रेषा किती बारीक येईल? द्रावणाला दिशा नसते. ते खाली खाता खाता फिल्मच्या आडून बाजूलाही खाते. तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे जाड केसाएवढ्या, म्हणजे १०० मायक्रॉनच्या खाली गेले की रेषा तुटू लागतात. आणखी बारीक जायचे तर थरच पातळ हवा. चिपच्या कारखान्यांनी म्हणूनच द्रावणाऐवजी सरळ खाली कोरणारा प्लाझ्मा आणला.

ही विद्या संगणकाहून फार जुनी. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी डांबरासारख्या बिट्युमेनचा लेप उन्हात पक्का केला आणि लॅव्हेंडरच्या तेलाने उरलेला धुऊन काढला. पुढे नकाशे जस्ताच्या पत्र्यावर उजेडानेच उतरू लागले. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाने ती कृती आपल्या नावातच जपली आहे: फोटो म्हणजे उजेड, झिंको म्हणजे जस्त. १९५७ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत जे लेथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी सूक्ष्मदर्शक उलटा चालवला. लहान गोष्ट मोठी दाखवणारी भिंगे त्यांनी मोठे चित्र लहान करायला वापरली आणि ते ट्रान्झिस्टरवर उतरवले.

हीच युक्ती न्यू जर्सीच्या सॅम झेलूफने घरच्या गॅरेजमध्ये वापरली. साध्या प्रोजेक्टरचे चित्र सूक्ष्मदर्शकातून सिलिकॉनवर पाडून त्याने २०१८ मध्ये ६ ट्रान्झिस्टरची चिप केली आणि २०२१ मध्ये १०० ट्रान्झिस्टरची. त्याच्या रेषा १० मायक्रॉनपर्यंत पोचल्या; १९७१ च्या इंटेल ४००४ ची मजलही तेवढीच होती.

सिलिकॉनच्या वाटेवर मात्र हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. ते कातडीतून आत शिरून रक्तातले कॅल्शियम ओढते आणि जीवही घेऊ शकते. घरी त्याला हात लावू नये. तांब्याच्या कामातही हातमोजे आणि चष्मा हवा, भांडे प्लास्टिकचे हवे. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये: त्यातले तांबे पाण्यातल्या जिवांना विषारी असते. ते बाटलीत साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावे.

एवढी काळजी घेऊन शाळेतल्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली हा प्रयोग जरूर करावा. काम झाले, फिल्म काढली, की पाटी खिडकीशी धरावी. तांबे गेलेल्या जागेतून काचतंतूंच्या पाटीतला हिरवट उजेड झिरपतो आणि राहिलेल्या रेषा काळ्याभोर दिसतात. कागदावर ज्या रेषांमधून उजेड आत गेला होता, त्याच आता उजेड अडवून उभ्या असतात. चिप म्हणजे जादू नव्हे, हे त्या क्षणी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.