सतरा वर्षं लढले, सीमा तिथेच राहिली

1047 मध्ये नॉर्वे आणि डेन्मार्क या दोन्ही देशांचा राजा मॅग्नस वारला आणि दोघे दावेदार पुढे आले. एक त्याचा काका हाराल्ड हार्डराडा, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या पदरी चाकरी करून गडगंज होऊन परतलेला कसलेला योद्धा. दुसरा स्वेन एस्ट्रिडसन, थोरल्या क्नूट राजाचा भाचा. हाराल्डला नॉर्वे मिळाला, डेन्मार्क स्वेनने बळकावला. हाराल्डला दोन्ही हवे होते.

पुढची वर्षं बहुतेक लुटालुटीत गेली. नॉर्वेचं आरमार डेन्मार्कच्या किनाऱ्यावर यायचं, गावं जाळायचं, माणसं धरून न्यायचं. 1050 च्या सुमारास हेडेबी हे मोठं व्यापारी शहर असंच बेचिराख झालं. एकदा स्वेनचं आरमार पाठीवर आलं, तेव्हा हाराल्डने आधी लुटीचा माल समुद्रात टाकला. डेन लोक तो गोळा करत रेंगाळले. तरी पाठलाग सुटेना, म्हणून त्याने कैद्यांनाच पाण्यात लोटलं. आपली माणसं वाचवायला स्वेन थांबला आणि हाराल्ड निसटला, असं आइसलँडच्या गाथा सांगतात.

खरी आमनेसामने गाठ पडली ती 9 ऑगस्ट 1062 रोजी, निसान नदीच्या मुखाजवळ. हाराल्डच्या नव्या जहाजावर वल्ह्यांच्या 35 जोड्या होत्या. त्या काळची युद्धनौका कशी असे, हे रॉस्किल्डच्या संग्रहालयात पाहता येतं: 1962 मध्ये तिथल्या खाडीतून काढलेली एक नौका सुमारे 30 मीटर लांब असून ती 1042 मध्ये डब्लिनजवळ बांधलेली आहे.

त्या काळच्या समुद्री लढाईत जहाजं दोरांनी एकमेकांना बांधत. आधी बाण आणि दगडांचा मारा, मग शत्रूच्या जहाजावर उडी घेऊन तलवार-कुऱ्हाडीने एकेक जहाज रिकामं करायचं. निसानला हे रात्रभर चाललं. गाथांप्रमाणे स्वेनकडे जहाजं जास्त होती, तरी तो हरला. मात्र तो हाती लागला नाही. हाराल्डच्याच बाजूने लढलेल्या हाकोन इवारसनने त्याला गुपचूप निसटू दिलं, असं म्हणतात.

राजा जिवंत आणि डेन्मार्कची प्रजा त्याच्याच पाठीशी, त्यामुळे एवढा विजय मिळवूनही हाराल्डच्या पदरात एक इंच जमीन पडली नाही. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांनी जहाजं, वल्हेकरी आणि शिधा पुरवायचा असे. तेही मेटाकुटीला आले. 1064 मध्ये तह झाला: ज्याचं राज्य त्याच्याकडे, नुकसानभरपाई कुणालाच नाही.

हाराल्डने मग इंग्लंडकडे मोर्चा वळवला आणि 25 सप्टेंबर 1066 रोजी स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत तो मारला गेला. निसानला हरलेल्या स्वेनने त्यानंतरही डेन्मार्कवर अनेक वर्षं राज्य केलं.