सलगमाचा भाव, बिनव्याजी कर्ज आणि काका तोट्यात : 'ॲनिमल क्रॉसिंग' हा गेम आहे तरी काय?

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. येताना हातात धरून खेळायचं एक यंत्र घेऊन आला. मोबाईलपेक्षा लांब, मध्ये स्क्रीन आणि दोन्ही अंगाला बटणं. त्याला निन्टेन्डो स्विच म्हणतात. पोरगं तासन् तास त्यात मान घालून बसलेलं बघून मी म्हणालो, "काय रे, पैसे लावायचं काही नाही ना हे?" तो हसला आणि म्हणाला, "काका, यात तुमचंच काम आहे. माल घ्यायचा, भाव बघायचा आणि विकायचा. खेळून बघा."

मी आठवडाभर खेळलो. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांची पोरं शहरात आहेत, ती असं काही खेळताना दिसतील. म्हणून हे नेमकं काय असतं ते सांगतो.

खेळ कसा असतो?

गेमचं नाव 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो मार्च २०२० मध्ये आणला. जगभर लोक घरात कोंडले गेले होते, तेव्हाच हा आला. आजवर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्यात.

यात मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणंही नाही. तुम्ही एका ओसाड बेटावर तंबू ठोकून राहायला जाता. शेजारी सगळे बोलणारे प्राणी. मासे धरायचे, किडे पकडायचे, झाडाची फळं तोडायची, ते विकून 'बेल्स' मिळवायचे. बेल्स म्हणजे तिथले पैसे. त्यातून घर वाढवायचं, फुलं लावायची, बेट सजवायचं.

विशेष म्हणजे गेममधलं घड्याळ खऱ्या वेळेवर चालतं. आपल्याकडे रात्र झाली की तिथंही रात्र. दुकान सकाळी ८ ला उघडतं आणि रात्री १० ला बंद होतं. चार दिवस फिरकला नाहीत तर तण माजतं आणि शेजारी विचारतात, कुठं होता एवढे दिवस?

ही कल्पना कात्सुया एगुची या माणसाची. निन्टेन्डोत नोकरी लागली म्हणून तो घर सोडून क्योटो शहरात आला. तिथं घरची माणसं आणि मित्र आठवायचे. त्या एकटेपणातून हा खेळ सुचला, आणि पहिला भाग २००१ मध्ये जपानात आला. नोकरीसाठी गाव सोडलेल्या पोरांना हा का आवडतो, ते मला इथं कळलं.

कर्ज आहे, व्याज नाही

बेटाचा कारभार टॉम नूक नावाचा प्राणी बघतो. तोच घर बांधून देतो, तेही उधारीवर. पहिल्या घराचं कर्ज ९८ हजार बेल्स. व्याज शून्य, हप्त्याची तारीख नाही, नोटीस नाही. जमेल तेव्हा फेडा. मी पुतण्याला म्हणालो, "असला सावकार आमच्या तालुक्यात पाठव."

सलगमाचा बाजार

आता खरी गोष्ट. दर रविवारी सकाळी एक डुकरीण डोक्यावर सलगम घेऊन येते. सलगम म्हणजे मुळ्याच्या कुळातला गोल पांढरा कंद. भाव साधारण ९० ते ११० बेल्स नग. दुपारी १२ पर्यंतच मिळतो. सोमवार ते शनिवार दुकानदार तो विकत घेतो आणि त्याचा भाव रोज दोनदा बदलतो, सकाळी एकदा आणि दुपारी १२ ला एकदा. पुढच्या रविवारपर्यंत विकला नाही तर सगळा माल सडतो. जपानीत 'काबू' म्हणजे सलगम आणि 'काबू' म्हणजेच शेअर. त्यावरून ही गंमत केलीय.

मी ९७ च्या भावाने ४०० नग घेतले, म्हणजे ३८,८०० बेल्स घातले. सोमवारी भाव ८४, मंगळवारी दुपारी ७२. जीव खालीवर झाला. बुधवारी १०५ आणि गुरुवारी दुपारी १६८! पुतण्या म्हणाला, "काका, काढा." मी म्हणालो, "थांब, अजून चढतंय."

शुक्रवारी सकाळी १४९. म्हटलं परत वर जाईल. दुपारी ७४ वर आला. शनिवारी संध्याकाळी ६२ ने सगळा काढला. हातात आले २४,८००. चौदा हजारांचा तोटा. गुरुवारी विकला असता तर ६७,२०० आले असते.

बायको शेजारीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "चाळीतल्या कांद्याचं तुम्ही हेच केलं होतं." खोटं नव्हतं. भाव वाढेल म्हणून ठेवला, वाढला तेव्हा अजून वाढेल म्हणून ठेवला, आणि शेवटी निम्मा निवडून उकिरड्यावर टाकला.

फरक एवढाच, की गेममध्ये सडायचा दिवस आधी माहीत असतो. वाहतूक, हमाली, तोलाई काही नाही. तोटा झाला तर समुद्रावर जाऊन मासे धरले की भरून निघतो. खऱ्या शेतीत तोटा पुढच्या हंगामाच्या बियाण्यात आणि पोरांच्या फीत दिसतो.

पालकांनी काय बघावं?

पोराच्या हातात गेम दिसला की आधी विचारा, यात खरे पैसे लावायचे आहेत का? या गेममधले बेल्स गेममध्येच राहतात, बँक खात्यात येत नाहीत. मोबाईलवरच्या पैसे लावायच्या रमीशी याची गल्लत करू नका. मात्र यंत्र आणि गेम दोन्ही महाग आहेत, आणि नेटवरून दुसऱ्याच्या बेटावर जायचं तर वेगळी वर्गणी लागते. वेळही खूप जातो, त्यामुळे तासाची मर्यादा घालाच.

पुतण्या परत गेला, यंत्रही गेलं. माझी लेक आता बाजार समितीचा कांद्याचा भाव रोज वहीत उतरवते. यंदा आम्ही ठरवलंय, माल एकदम धरून ठेवायचा नाही. तीन टप्प्यांत काढायचा, आणि खर्च निघून चार पैसे उरतील असा भाव आला की पहिला टप्पा विकायचाच. तो भाव लेकीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, म्हणजे मला "थांब" म्हणता येणार नाही.