पुनरावर्तन खरेच संथ असते का?

लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. मग ५ मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल? शेवटी लघु असेल तर आधीच्या ४ मात्रा भरायच्या राहतात, गुरू असेल तर ३. म्हणून म(५) = म(४) + म(३). मागच्या दोन संख्यांची बेरीज करण्याचा हा नियम हेमचंद्राने बाराव्या शतकात दिला होता. म(१) = १ आणि म(२) = २ धरले की उत्तर ८ येते.

व्याख्येतच ते फलन पुन्हा येणे म्हणजे पुनरावर्तन. स्कीम, हास्केल यांसारख्या फलनप्रधान संगणकभाषांत तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल, तर मुख्य साधन हेच. वरचा नियम जसाच्या तसा लिहिला की आज्ञावली तयार!

पण म(५)चा शाखाविस्तार फळ्यावर काढून पाहा. म(३) दोनदा काढावे लागते, म(२) तीनदा; फलनाला एकूण ९ वेळा बोलवावे लागते. म(३०) म्हणजे १३,४६,२६९. ते काढायला १६,६४,०७९ वेळा! ‘पुनरावर्तन संथ असते’ हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. इथे दोष आहे तो काढलेले उत्तर फेकून देण्याचा.

ती उत्तरे सोबत घेऊन चालू. चाल(न, अ, आ) हे फलन असे: न = १ असेल तर उत्तर अ; नाहीतर चाल(न−१, आ, अ+आ). सुरुवात चाल(५, १, २) अशी केली, की पुढे (४, २, ३), (३, ३, ५), (२, ५, ८), (१, ८, १३); उत्तर ८. म(३०) साठी फक्त ३० वेळा बोलावणे.

आणखी एक फायदा आहे. पहिल्या पद्धतीत म(४) आल्यावरही बेरीज बाकीच असते. ती लक्षात ठेवायला स्मृतीत जागा अडते. ‘चाल’मध्ये स्वतःला बोलावणे ही शेवटचीच कृती असल्याने मागे काही उरत नाही आणि तीच जागा पुन्हा वापरता येते. १९७५ साली जन्मलेल्या स्कीमच्या प्रमाण-व्याख्येत ही काटकसर सक्तीची आहे.

हास्केलची गोष्ट थोडी निराळी. ही भाषा आळशी! गरज पडेपर्यंत ती अ+आ ही बेरीज करीलच असे नाही, आणि न केलेल्या बेरजांची चळत स्मृतीत साठू शकते. तिथे ‘ही बेरीज आत्ताच कर’ असे स्पष्ट लिहावे लागते.